तोंड आलं, घसा बसला? ट्यूब मागण्याआधी टॉर्च मारा

कुडाळच्या बाजूला माझं मेडिकल आहे, वीसेक वर्षं काउंटरवर गेली. गिऱ्हाईक येतं, "काका, तोंड इलाहा, कायतरी दी." मी विचारतो, आत दिसतंय काय? तर उधारी मागितल्यासारखा चेहरा करतात. म्हणून पहिलं काम, मोबाइलचा टॉर्च लावा आणि आरशात नीट बघा.

घशाचं आधी उरकतो. गणपतीत आरत्या आणि रात्र रात्र भजनं झाली की अर्धी वाडी बसलेला आवाज घेऊन अझिथ्रोमायसिन ५०० मागायला हजर. नाही मिळणार. ओरडून बसलेल्या घशाला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही आणि सर्दीचा घसा व्हायरसचा, त्यालाही नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, दुखत असेल तर पॅरासिटामॉल, आणि दोन दिवस गप्प बसा. पण सर्दी-खोकला काही नसताना ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील तर डॉक्टरकडे जा, शाळकरी पोर असेल तर नक्कीच, तो स्ट्रेप जंतू असू शकतो आणि उपचार न झाल्यास पुढे हृदयाच्या झडपांपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आणखी एक, थायरॉइडसाठी कार्बिमाझोल चालू असताना घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी घसरलेल्या असू शकतात.

आता तोंड. इथे मी स्वतः आपटलोय.

माझ्या आत्याला कवळी, वर दम्याचा पंप. एकदा म्हणाली तोंडात आग होते, सोलकढीसुद्धा झोंबते. मी दुकानदारी हुशारीत, न बघताच, फोडांवरची ट्रायमसिनोलोनची पेस्ट दिली. आठवड्याने बघतो तर टाळूभर पांढरं. ती बुरशी होती, थ्रश, आणि ही पेस्ट म्हणजे स्टेरॉइड, म्हणजे मी आयतं खतपाणीच घातलं.

तर ओळखायचं असं. साधा फोड गोल, उथळ खड्ड्यासारखा, मध्ये पिवळट आणि कडेला लाल रिंग, जीभ लागली तरी कळ जाते, आणि बहुतेक एक-दोन आठवड्यांत आपला आपण भरतो. बुरशी फाटलेल्या दुधासारखी, ओल्या कापडाने पुसली तर निघते आणि खाली लाल दिसतं, कवळीखाली मात्र नुसती लालीच असू शकते. आणि पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारा फोड, त्यातही मिसरी, तंबाखू किंवा गुटखा असेल, तर कुठलीच ट्यूब लावत बसू नका, सरळ डॉक्टरला दाखवा. "दुखत नाही म्हणून थांबलो" हे वाक्य मला परत ऐकायचं नाही.

साध्या फोडाला ही ट्रायमसिनोलोनची पेस्ट रात्री लावा, जेवण आणि ब्रश झाल्यावर. फोड कापसाने कोरडा करून मुगाएवढी पेस्ट नुसती टेकवायची, चोळायची नाही. मी पहिल्यांदा रगडली होती, तोंडात रवा झाला आणि सगळी निघून गेली. लावल्यावर पाणी नको.

बुरशीला क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट, तेही डॉक्टरला दाखवून, आणि तोंड साफ दिसलं म्हणून त्याच दिवशी बंद करायचं नाही. रात्री कवळी काढून ठेवा. पंप मारला की पाण्याने खळखळून चूळ भरा आणि थुंका. आत्या आता मला चूळ फोनवर ऐकवते.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश घेतलात तर ब्रशनंतर अर्धा तास थांबून वापरा, टूथपेस्टमधला फेस त्याचा जोर मारतो. लगेच वर चहा ढोसलात तर दात तपकिरी होतील, मग माझ्याशी भांडायला यायचं नाही.

पोरांच्या तोंडात घरातली मोठ्यांची जेल लावू नका, काहींत सॅलिसिलेट असतं, काहींत बधिर करणारं औषध, दोन्ही लहानांना धोक्याचं. आणि टाकणखार मधात कालवून बाळाच्या जिभेला चोळणाऱ्या आज्यांनो, टाकणखार पोटात गेला तर विषारी आहे आणि मध वर्षाच्या आत द्यायचाच नाही.