व्हॅक्यूम उत्खनन करताना या चुका टाळा

जमिनीखालची केबल किंवा गॅसची लाइन नेमकी कुठून जाते हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर जेसीबीच्या बकेटपेक्षा आणि मजुराच्या पहारीपेक्षा व्हॅक्यूम उत्खनन कितीतरी सुरक्षित आहे. दाबाखालील हवेने किंवा पाण्याने माती सैल करायची, ती जाड होजमधून गाडीवरच्या टाकीत ओढून घ्यायची आणि लाइनला लोखंडाचे टोक न लावता ती उघडी करायची, अशी ही पद्धत आहे. मात्र ‘या यंत्राने लाइन तुटतच नाही’ असा समज साइटवर फार लवकर पसरतो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

पहिली चूक यंत्र सुरू होण्याआधीच झालेली असते. यंत्र सुरक्षित आहे, मग नकाशे कशाला, असे म्हणून थेट खड्डा सुरू केला जातो. ‘कॉल बिफोर यू डिग’ हे केंद्र सरकारचे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. खोदकामाची आगाऊ सूचना देऊन त्या भागातील वाहिन्यांच्या मालकांशी संपर्क साधण्यासाठी ते आहे, आणि व्हॅक्यूम उत्खनन हेही खोदकामच आहे. नकाशे हाती आल्यावर लोकेटर (जमिनीखालची लाइन शोधणारे यंत्र) फिरवावा, पण त्याच्या मर्यादा ओळखून. प्लास्टिकच्या लाइनसोबत ट्रेसर वायर (लाइन शोधता यावी म्हणून धातूची तार) टाकलेली नसेल तर विद्युतचुंबकीय लोकेटरला ती लाइन दिसत नाही. ज्या केबलमधून त्या वेळी विजेचा भार जात नाही ती लोकेटरच्या पॉवर मोडमध्ये (वाहत्या विजेवरून केबल शोधताना) सुटू शकते. आणि ओल्या काळ्या मातीत जीपीआरचे (जमिनीत रडार-लहरी सोडून शोध घेणाऱ्या यंत्राचे) संकेत थोड्याच खोलीवर विरून जातात. म्हणून ‘लोकेटरला काही मिळाले नाही’ याचा अर्थ ‘खाली काही नाही’ असा कधीही घेऊ नये.

खोलीच्या आकड्यांवर विसंबणे ही याच चुकीची पुढची पायरी आहे. आयएस १२५५ या भारतीय मानकात कमी दाबाच्या केबलसाठी ०.७५ मीटर, ११ केव्हीपर्यंतच्या केबलसाठी ०.९ मीटर आणि ३३ केव्हीसाठी १.०५ मीटर खोली सांगितली आहे. परंतु हे आकडे केबल टाकली त्या दिवसाचे असतात. नंतर रस्त्यावर डांबराचे थर चढले असतील, तर केबल आज त्याहून खोल असते. फुटपाथ उकरून खाली घेतला असेल, तर ती वीतभर मातीखालीही सापडू शकते.

पुण्यातील एका कामावर नकाशाप्रमाणे ११ केव्हीची केबल ०.९ मीटरवर असायला हवी होती. साधारण ६० सेंटिमीटरवर एक काळी केबल दिसली आणि सगळ्यांनी ‘मिळाली’ म्हणून होज वर घेतला. ती केबल जेमतेम अंगठ्याएवढी जाड होती. ११ केव्हीची केबल मनगटाहून बारीक क्वचितच असते, आणि तिच्यावर सहसा विटांचा किंवा काँक्रीटच्या फरशांचा थर असतो, तो इथे कुठेच नव्हता. हवेच्या लान्सने (माती सैल करणाऱ्या लांब नळीने) आणखी काही मिनिटे काम केल्यावर विटांची रांग दिसू लागली आणि तिच्याखाली खरी केबल मिळाली. वरची रस्त्यावरच्या दिव्यांची होती. पहिली वाहिनी दिसली की काम संपले असे न समजता तिचा प्रकार, जाडी आणि दिशा नकाशाशी ताडून पाहावी, आणि जुळत नसेल तर दोन्ही वाहिन्या जिवंत आहेत असे धरूनच पुढे जावे. ‘ती बंद आहे’ हे वाक्य मालकाकडून लेखी आल्याखेरीज ग्राह्य धरू नये.

आता धारेबद्दल. ड्रेनेज साफ करणारी जेटिंग-सक्शनची गाडी सहज मिळते, म्हणून तिच्यावरच साधी नळी लावून खड्डे घेण्याचा मोह होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, वाहिनीजवळ ही गाडी वापरू नये. ती गटारातला गाळ ढकलण्यासाठी बनलेली आहे, आणि एका जागी धरलेली सरळ, बारीक धार प्लास्टिकच्या पाइपला व केबलच्या आवरणाला चिरू शकते. पाण्याने काम करायचे असल्यास फिरते नोझल वापरावे, लान्स सतत हलता ठेवावा, आणि नोझल वाहिनीपासून किमान २० सेंटिमीटर दूर राहील याची काळजी घ्यावी. धोक्याची पिवळी पट्टी, वाळूचा थर किंवा विटा दिसू लागल्या की दाब कमी करावा. हवेच्या लान्सला साधारण ७ बार दाब पुरतो. हवा मातीच्या छिद्रांत शिरून तिला फोडते, पण धातूत किंवा प्लास्टिकमध्ये शिरू शकत नाही, म्हणून ती वाहिनीला अधिक सौम्य असते. तरीही हवेने उडालेले खडे पाइपच्या लेपावर आदळतात, हे विसरू नये.

हवा की पाणी, हे यंत्र कोणते उपलब्ध आहे यावर न ठरवता माती पाहून ठरवावे. भुसभुशीत मुरूम आणि वाळू हवेने छान निघते, आणि निघालेली माती कोरडी असल्याने परत भरताही येते. घट्ट मुरूम आणि सोलिंग (रस्त्याखालचा दगडांचा थर) हवेला दाद देत नाहीत. तिथे दाब वाढवत बसण्यापेक्षा पाण्याकडे वळावे. मुंबईच्या भरणीच्या जमिनीत भूजल वर असते, त्यामुळे बाजू ढासळतात आणि खड्डा जेवढा उपसावा तेवढा पुन्हा भरत जातो. अशा वेळी उपसा वाढवला, तर आजूबाजूची बारीक माती ओढली जाऊन डांबराखाली पोकळी तयार होते. वरून रस्ता शाबूत दिसतो आणि पावसाळ्यात खचतो.

विजेचा विचार दोन्ही पद्धतींत करावा लागतो. पाण्याच्या कामात चालकाने विद्युतरोधक बूट व हातमोजे घालून रोधक चटईवर उभे राहावे. हवेच्या कामात कोरडी माती होजमधून वेगाने जाताना स्थिर विद्युत साठते, म्हणून होज, टाकी आणि गाडी एकमेकांना जोडून जमिनीशी अर्थिंग करावे. गॅसचा वास आला तर यंत्र बंद करून माणसे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दूर न्यावीत आणि गॅस कंपनीला कळवावे, कारण सक्शन चालू राहिले तर गॅस आणि हवेचे मिश्रण थेट गरम ब्लोअरमधून (हवा ओढणाऱ्या पंपातून) जाते.

सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आधार काढून घेण्याची आहे. पाण्याची मोठी लाइन जिथे वळते तिथे काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक असतो, आणि पाण्याचा धक्का तो आपल्या पाठीमागच्या मातीवर टाकत असतो. ढकलून बसवलेल्या जोडांच्या डक्टाइल आयर्न लाइनला ओढून धरणारे दुसरे काही नसते. त्या ब्लॉकमागची माती व्हॅक्यूमने अगदी अलगद, एकही ओरखडा न पाडता काढली, तरी दाबाखालील बेंड (वळणाचा तुकडा) जोडातून निसटू शकतो. म्हणून बेंड, टी (तीन तोंडांचा जोड) किंवा बंद टोक जवळ असेल तर खड्ड्याची जागा पाणीपुरवठा विभागाला विचारूनच ठरवावी. केबलचा मोठा भाग उघडा राहणार असेल तर तिला फळी आणि रुंद पट्ट्याचा आधार द्यावा; विशेषतः जुन्या, शिसे-आवरणाच्या केबलचा जोड लोंबकळत ठेवू नये. माणूस खड्ड्यात उतरणार असेल आणि खोली १.५ मीटरहून अधिक असेल, तर आयएस ३७६४ प्रमाणे बाजूंना आधार हवाच. खड्डा अरुंद आहे हे त्याला उत्तर होत नाही.

सक्शन अचानक घटले तर चालक बहुधा इंजिनाचा वेग वाढवतो, आणि अडकलेला दगड आणखी घट्ट बसतो. आधी होजचे टोक मोकळ्या हवेत धरून पाहावे. तिथेही ओढ कमी असेल, तर टाकी भरली आहे का, फ्लोट बॉलने (टाकी भरल्यावर वर तरंगणाऱ्या चेंडूने) मार्ग बंद केला आहे का, फिल्टर ओला होऊन चिकटला आहे का आणि मागच्या दाराचे रबर नीट बसले आहे का, हे या क्रमाने तपासावे. काळ्या मातीत होजच्या वळणावर चिखलाचा थर बसतो. तिथे थोडे पाणी ओढून घेतले की तो सुटतो. होजच्या तोंडात हात घालून दगड काढण्यापूर्वी व्हॅक्यूम सोडणारा व्हॉल्व्ह उघडलेला असावा, आणि तो व्हॉल्व्ह खड्ड्याजवळच्या माणसाच्या हाताशी असावा. होजचे लोखंडी टोक माती खणण्यासाठी आपटू नये. टोकाला रबराची कड नसेल तर काम सुरू करू नये.

खड्डा बुजवण्यापूर्वी वाहिनीच्या माथ्याची खोली, दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर, पाइपचा प्रकार आणि मोजपट्टीसह छायाचित्र नोंदवावे. टाकीतला गाळ परत खड्ड्यात ओतू नये आणि पावसाळी गटारातही सोडू नये. वाहिनीभोवती वाळू, वर थराथराने दाबलेली माती आणि धोक्याची पट्टी पूर्वीच्या उंचीवर, असा क्रम ठेवावा.

आणि पाइपवर ओरखडा दिसला, मग तो आपल्या लान्सने पडलेला असो वा कुणाच्या जुन्या बकेटने, तर त्याच दिवशी मालकाला कळवावे. बेल्जियममधील गिलेंगियन येथे ३० जुलै २००४ रोजी उच्च दाबाची गॅस लाइन फुटून २४ माणसे मृत्युमुखी पडली. त्या लाइनला आधीच्या बांधकामात यंत्राचा घाव बसला होता आणि तो दुरुस्त न होताच मातीखाली राहिला होता.