बिल टेबलावर येण्याआधी

त्या संध्याकाळी आम्ही सहाजण होतो. पाचजणांनी पोटभर मागवलं, वर गोडही मागवलं. सहावीने फक्त सूप घेतलं. "उशिरा जेवलेय," म्हणाली. बिल आलं, कुणीतरी मोबाईल काढून सहाने भागलं आणि आकडा मोठ्याने सांगितला. तिने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या. मी तिच्या शेजारीच बसले होते. ते दुसऱ्यांदा मोजणं मला दिसलं, आणि तरी मी गप्प राहिले. पुढे ती आमच्यात येईनाशी झाली. तेव्हा तिची नोकरी सुटलेली होती, हे मला दीड वर्षाने कळलं.

तेव्हापासून कुठेही जेवायला गेलो की पैशांचा विषय मी काढते. तो कधी आणि कसा काढायचा, हे अनुभवाने जमत गेलं. तेच इथे सांगतेय.

पहिलं म्हणजे, वाटणी कशी करायची ते मेनू कार्ड उघडायच्या आधी ठरवा. बिल आल्यावर काहीही सुचवलं तरी त्यात कुणाचा तरी फायदा दिसतो. 'समान नको' म्हणणारा चिक्कू वाटतो, 'समान करू' म्हणणारा आपमतलबी. अजून कुणी काहीच मागवलेलं नसतं तेव्हा हा प्रश्न कुणालाच बोचत नाही. एक वाक्य पुरतं: "आज टीटीएमएम करू या." तुझं तू, माझं मी. ते विचारू नका, सरळ सांगा. "समान चालेल ना सगळ्यांना?" असं चारचौघांत विचारलं की भिडेखातर सगळेच माना डोलावतात. ज्याला खरंच परवडत नाही, तो तर सगळ्यात आधी.

समान वाटणी वाईट असते असं मी म्हणत नाही. जुने मित्र असतील, बहुतेक पदार्थ मध्ये ठेवून खाल्ले असतील आणि कुणाच्याच खाण्यात फार फरक नसेल, तर सरळ भागाकार करून मोकळं व्हावं. पण समान वाटायचं ठरलं की मागवण्याचा हात सैल होतो, हे लक्षात ठेवा. उरी ग्नीझी, अर्नान हारुवी आणि हदास याफे या संशोधकांनी हे इस्रायलमध्ये खऱ्या रेस्टॉरंटमध्ये तपासून पाहिलं. २००४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बिल समान वाटलं जाणार हे आधीच माहीत असलेल्यांनी, आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा एक-तृतीयांशाहून जास्त रकमेचं मागवलं. आणि मागवण्याआधी पसंती विचारली, तेव्हा ८० टक्के लोकांनी आपापलं भरणंच निवडलं होतं. म्हणजे मनातून बहुतेकांना वेगळंच हवं असतं, फक्त ते बोलून कोण दाखवणार?

आता आपापलं म्हटल्यावर हिशोब कसा करायचा? इथे एक चूक नेहमी होते. प्रत्येकजण मेनूतली किंमत बघून तेवढेच पैसे काढतो, आणि कर, सेवाशुल्क, टिप असं सगळं शेवटी पैसे गोळा करणाऱ्याच्या अंगावर येतं. सोपा उपाय आहे. टिपसकट भरायच्या एकूण रकमेला फक्त पदार्थांच्या बेरजेने भागा. पदार्थांची बेरीज २,००० आणि भरायची रक्कम २,३०० असेल, तर उत्तर येतं १.१५. आता प्रत्येकाच्या पदार्थांची रक्कम १.१५ ने गुणा. ज्याचे ३०० झाले त्याने ३४५ द्यायचे, ज्याचे ६०० झाले त्याने ६९०. सवलत मिळाली असेल तरी हीच रीत चालते, गुणायचा आकडा तेवढा कमी होतो. मध्ये ठेवलेला पदार्थ ज्यांनी खाल्ला त्यांच्यातच वाटायचा. रुपया-दोन रुपयांसाठी मात्र अडू नका. रक्कम वरच्या पूर्ण आकड्यात न्या आणि जास्तीचं टिपमध्ये जाऊ द्या.

दारू असेल तर तिचं बिल वेगळं. हे वेटरला ऑर्डर देतानाच सांगायचं, म्हणजे त्यालाही शेवटी खाडाखोड करावी लागत नाही. न पिणाऱ्याने पिणाऱ्यांचा भार उचलायचा, यावरून मी चांगल्या मैत्रीत कुरकुर सुरू झालेली पाहिली आहे. उशिरा आलेल्याने आल्यानंतरच्या पदार्थांचे द्यावेत. लवकर निघणाऱ्याने उठण्याआधी अंदाजाने थोडे जास्तच ठेवून जावं.

आणि आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट. ज्याने जास्त खाल्लं, त्याने आधी बोलायचं. कमी खाणाऱ्याला "मी फक्त सूप घेतलं होतं" हे म्हणणं फार जड जातं, कारण त्या एका वाक्यात त्याची सगळी परिस्थिती उघडी पडते. जास्त खाणाऱ्याला मात्र "माझं जास्त झालंय, मी जास्त घालतो" म्हणायला काहीच लागत नाही. तो बोलला की दुसऱ्याची सुटका होते आणि कुणाचा मानही जात नाही. तो बोलत नसेल, तर शेजारच्याने बोलावं. "हिचं सूपच होतं, हिचं वेगळं धरा," एवढं मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं.

एकाने सगळं बिल भरलं आणि बाकीचे नंतर देणार असतील, तर भरणाऱ्याने बिलाचा फोटो आणि प्रत्येकाचा आकडा त्याच रात्री ग्रुपवर टाकावा. बाकीच्यांनी झोपण्याआधी पैसे पाठवावेत. उद्यावर गेलेले पैसे आठवड्यावर जातात आणि मागणाऱ्यालाच ओशाळं वाटायला लागतं. आठवण करायची वेळ आलीच, तर ग्रुपवर नाही, त्या एकट्याला करा. दोनदा सांगूनही आले नाहीत तर सोडून द्या, मात्र पुढच्या वेळी त्याचं बिल आधीच वेगळं करायला सांगा.

वाढदिवस असेल तर ज्याचा वाढदिवस त्याचा वाटा बाकीच्यांत, पण हेही निघण्याआधीच सगळ्यांना कळलेलं असावं. आणि "आज माझ्याकडून" म्हणायचं असेल तर बोलावतानाच म्हणा. बिलावर झडप घालून चारचौघांसमोर दुसऱ्याचे पैसे भरले की त्याला मिंधेपणा येतो.

त्या मैत्रिणीला मी नंतर फोन केला. त्या सूपच्या संध्याकाळचं तिला आठवत होतं. मी म्हटलं, "या शनिवारी ये, माझ्याकडून." ती म्हणाली, "नको गं. आपापलं ठेवणार असशील तर येते." आता आमच्या ग्रुपवर जेवायला बोलावताना ठिकाण आणि वेळ लिहितो, त्याखाली तिसरी ओळ असते: आपापलं.