धूरफवारणीआधी पिंपात बघा
गावात डेंग्यूचा रुग्ण निघाला की लोक आधी धूरफवारणी मागतात. आरोग्यसेवक म्हणून मी आधी घरोघरची भांडी तपासतो, कारण धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत. रांजण, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, सगळीकडे टॉर्च मारा. किती घरं पाहिली, कितीत अळ्या सापडल्या आणि नेमक्या कोणत्या भांड्यात, हे लिहा. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. अळ्या पिंपांतच असतील तर टायर गोळा करण्यात दिवस का घालवायचा? आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी करून सुकवा, आणि ती घासायला सांगा, अंडी कडेला चिकटलेली असतात. रिकाम्या न होणाऱ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. मग पुन्हा मोजा. 100 घरांमागे अळ्यांची घरं घटली नसतील, तर उपाय बदला.