प्रवासमार्गदर्शिकेत कोणते दुकान घ्यावे? कोल्हापूरच्या बाजारपेठेच्या आधारे काही कसोट्या

गावाची प्रवासमार्गदर्शिका लिहिणाऱ्याला देवळे, तलाव आणि वाडे निवडताना फारसे अडखळावे लागत नाही, कारण ती ठिकाणे मोजकी असतात. दुकानांचे मात्र तसे नसते. कोल्हापुरात महाद्वार रोडने अंबाबाईच्या देवळाकडे निघाले की दोन्ही बाजूंना दुकानेच दुकाने लागतात. त्यांतली बरीचशी सचोटीने चालणारी असतात, काही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असतात, आणि तरीही त्यांपैकी फारच थोड्यांची नोंद मार्गदर्शिकेत असायला हवी. दुकान चांगले आहे का, एवढ्यावर निवड करता येत नाही. परगावच्या माणसाने हातातला मर्यादित वेळ खर्चून आणि वाट वाकडी करून तिथे जावे का, हे ठरवावे लागते.

त्यासाठी सर्वांत उपयोगी पडणारी रीत अशी : नोंद लिहिण्याआधी त्या दुकानाविषयी एकच वाक्य लिहावे आणि तेच वाक्य शेजारच्या दुकानालाही लागू पडते का ते पाहावे. ‘येथे सर्व प्रकारच्या चपला वाजवी दरात मिळतात’ हे वाक्य ओळीतल्या प्रत्येक दुकानाला लागू होते. म्हणजे नोंद घेण्याइतके कारण अजून हाती आलेले नाही. ‘येथे पायाचे माप घेऊन कापशी चप्पल (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) शिवून दिली जाते आणि शिवणारा कारागीर तिथेच बसतो’ हे वाक्य मात्र त्या एकाच दुकानाचे आहे, आणि ते खरे असल्याची स्वतः खात्री केली असेल तर नोंद निःशंकपणे घ्यावी. दुकान किती जुने आहे हे सांगायला हरकत नाही, परंतु केवळ जुनेपणा हे कारण पुरेसे मानू नये.

पुष्कळदा असे लक्षात येते की नोंद दुकानाची नव्हे, तर गल्लीचीच व्हायला हवी. चप्पल लाईनमध्ये एकाला एक लागून असलेल्या दुकानांपैकी दोघांची नावे छापली तर बाकीच्यांवर अन्याय होतो आणि वाचकाचीही सोय होत नाही. अशा ठिकाणी गल्लीवर एक भरघोस परिच्छेद लिहावा आणि कोणत्याही दुकानात शिरल्यावर माल कसा पारखायचा ते सांगावे. अस्सल कोल्हापुरी चपलेचे कातडे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले असते, त्यात बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. तळ आणि वरचे पट्टे जोडताना खिळे न मारता कातडी वादीने शिवण घालतात. पावसात ही चप्पल वापरू नये, हेही आवर्जून लिहावे, कारण जुलैत येणाऱ्या प्रवाशाला दुकानदार ते सांगेलच असे नाही.

या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशातल्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) मिळाले, आणि ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबरच कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या जिल्ह्यांचाही त्यात समावेश होतो. त्यामुळे दुकानातला माल बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीहून येतो एवढ्यावरून ते दुकान बाद करणे चुकीचे ठरेल. तिथल्या कारागिरांचे कसब याच परंपरेतले आहे. बाद करायचे ते चप्पल कोठे आणि कोणी बनवली हे विचारल्यावर टाळाटाळ करणारे दुकान, किंवा रेक्झिनचा माल कातडी म्हणून खपवणारे दुकान. दुकानदाराला बनवणाऱ्याचे गाव सांगता येणे ही माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह खूण आहे.

गुजरीतल्या सराफांबाबत कसोटी वेगळी लावावी लागते, कारण तिथे चुकीच्या शिफारशीची किंमत वाचकाला हजारो रुपयांत मोजावी लागू शकते. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक असतो. तो ग्राहकाने न मागता दाखवला जातो का ते पाहावे. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते, म्हणून सोन्याचे निव्वळ वजन, लाखेचे वजन आणि घडणावळ हे तिन्ही पावतीवर स्वतंत्रपणे लिहून देणारी पेढीच नोंदीला पात्र समजावी.

गुळाचा प्रश्न हंगामाचा आहे. कोल्हापुरी गुळालाही भौगोलिक मानांकन आहे, पण वर्षभर गूळ विकणाऱ्या दुकानापेक्षा हिवाळ्यात चालू असलेले गुऱ्हाळ प्रवाशाला अधिक काही देऊन जाते. तेव्हा नोंद गुऱ्हाळाची करावी आणि ते कोणत्या महिन्यांत चालते ते लिहावे. फार पिवळाधमक गूळ रसायनाने उजळलेला असू शकतो, हेही तिथेच सांगून टाकावे.

साखळी दुकाने आणि मुंबई-पुण्याच्या पेढ्यांच्या शाखा वगळाव्यात. रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे औषधांचे दुकान किंवा बॅग दुरुस्त करून देणारा कारागीर यांची गोष्ट निराळी. त्यांची माहिती ‘सोयी’ या वेगळ्या सदरात द्यावी.

पाहणीला जाताना आपण मार्गदर्शिका लिहितो आहोत हे सांगू नये. नवरात्रातील गर्दीचे दिवस टाळून साध्या दिवशी ग्राहक म्हणून जावे, एकाच वस्तूचा भाव निदान तीन दुकानांत विचारावा, आणि परगावच्या माणसाला तोच भाव सांगितला जातो का हे पाहण्यासाठी शक्य असल्यास बाहेरच्या ओळखीच्या व्यक्तीलाही पाठवावे. वाहनचालकाने आग्रहाने सुचवलेल्या दुकानाची पडताळणी अधिक काटेकोरपणे करावी, कारण त्यामागे दलाली असू शकते. भेटवस्तू किंवा सवलत घेऊ नये. नात्यातल्या माणसाचे दुकान असेल तर निर्णय दुसऱ्या लेखकावर सोपवावा.

पाटी नसलेल्या, घरातच काम करणाऱ्या कारागिरांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मार्गदर्शिकेचा खरा उपयोग त्यांनाच होऊ शकतो. परंतु त्यांची नोंद करण्यापूर्वी त्यांना स्पष्टपणे विचारायलाच हवे. दारात अनोळखी माणसे येऊन उभी राहणे सगळ्यांनाच मानवत नाही, आणि वाढलेली मागणी पेलण्याइतके हात घरात असतीलच असेही नाही. त्यांनी नकार दिला तर तो निमूटपणे मानावा.

नोंदीची भाषा कोरडी असलेलीच बरी. ‘सुप्रसिद्ध’, ‘एकमेव’, ‘अप्रतिम’ हे शब्द काढून तिथे काय मिळते, कोण बनवते, साधारण भाव किती, दुकान कधी बंद असते आणि जवळची खूण कोणती एवढे लिहावे. भावापुढे वर्ष घालावे. एका वस्तूसाठी दोन किंवा तीन नोंदी पुरेशा आहेत. चौथी घ्यावीशी वाटली तर आधीच्या तिघांपैकी कोणती कमी करता येईल ते पाहावे.

मार्गदर्शिका प्रसिद्ध झाल्यावर वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीआधी, प्रत्येक दुकानाला पुन्हा भेट द्यावी. मालक बदलला असेल, कारागीर निघून गेला असेल किंवा हातच्या कामाची जागा यंत्रावरच्या मालाने घेतली असेल, तर पाटीवरचे नाव तेच असले तरी आधी लिहिलेले ते एक वाक्य पुन्हा तपासावे, आणि ते खरे राहिले नसल्यास नोंद काढून टाकावी. भेट देणे जमलेच नाही, तर शेवटची खातरजमा कोणत्या महिन्यात केली ते नोंदीखाली छापावे, म्हणजे वाचकाला निघण्यापूर्वी चौकशी करता येईल.