मेमोरियल डेच्या आधीचे दोन शनिवार

मेच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणाचा सुट्टीचा दिवस येतो आणि त्या आठवड्यात आमच्या मिशिगनमधले सगळे बोट-रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात उतरवायचे उतार गजबजून जातात. बोट वाहून नेणारा ट्रेलर तपासायचा तो त्याच्या निदान दोन शनिवार आधी. काही ना काही बिघडलेलं निघतंच, आणि सामान आणून दुरुस्त करायला मधला आठवडा हाताशी लागतो. यंदा पहिल्यांदाच बोट घेतलेल्या दोन-तीन मराठी कुटुंबांनी काय काय बघायचं ते विचारलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

सुरुवात गाडीपासून करा. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ट्रेलर घरामागे ताडपत्रीखाली निवांत असला, तरी गाडीखालचा हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी भाग, ते मीठ झेलत असतो. पिन काढून बॉलची, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या लोखंडी गोळ्याची दांडी पूर्ण बाहेर ओढा आणि रिकाम्या चौकोनी नळीत टॉर्च मारून बघा. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो. पण लोखंडाचे पापुद्रे सुटत असतील किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसत असेल, तर त्या हिचला ट्रेलर जोडू नका. पिन वाकलेली असेल किंवा तिची क्लिप सैल झाली असेल तर सरळ नवी आणा. थोड्याच डॉलरचा प्रश्न आहे. बॉलखालचा नट लांब पान्याने, जोर लावून तपासा. हाताला घट्ट वाटतो म्हणून सोडून देऊ नका.

बॉलचा आकार त्याच्या डोक्यावर कोरलेला असतो, कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या लोखंडी वाटीवरही असतो. हे दोन आकडे वाचून जुळवायचे. १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच हे नेहमीचे आकार. पहिल्या दोघांत फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, डोळ्यांना कळतच नाही. २ इंचाच्या कपलरमध्ये धाकटा बॉल छान बसतो, खटकाही लागतो, गाडी निघतेही. मग एखाद्या मोठ्या खड्ड्यावर कपलर उसळून बाहेर येतो. आकार जुळत असले तरी पकड बसली की नाही हे जॅकने बघायचं: खटका लावा, त्यात पिन घाला आणि ट्रेलरचा जॅक फिरवून पुढचा भाग वर घ्या. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर काम झालं. एकटा कपलरच बॉलवरून वर आला तर खालची पकड बसलेलीच नव्हती. हे मी दर वेळी करतो, घाईतसुद्धा. एक मिनिट लागतं.

साखळ्या कपलरखालून एकमेकींवर फुलीसारख्या घ्या, म्हणजे कपलर सुटलाच तर त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाणार नाहीत एवढ्या सैल ठेवा, पण जमिनीला घासता कामा नयेत.

आता वायरिंग, आणि इथे खरंच वेळ द्या. चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये तपकिरी वायर मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटर आणि ब्रेकची, हिरवी उजव्या बाजूची, आणि पांढरी अर्थिंगची. पाचवी निळी वायर असेल तर ती रिव्हर्स घेताना ट्रेलरचे ब्रेक मोकळे ठेवते. ती तुटलेली असली की चढावर मागे घेताना ट्रेलर अडून बसतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ट्रेलरचा डावा इंडिकेटर दिला की उजवा दिवाही मंद लुकलुकायचा, आणि ब्रेक दाबला की सगळेच दिवे मलूल व्हायचे. मी बल्ब बदलले, प्लग बदलला, एक अख्खा रविवार घालवला. दोष पांढऱ्या वायरच्या एका स्क्रूखाली होता. बाहेरून तो चकचकीत होता, खाली मात्र हिरवट पांढरी भुकटी साचली होती.

तेव्हापासून आधी अर्थिंग. प्लग जोडलेला ठेवून कपलर बॉलवरून उचला, साखळ्याही काढा, आणि दिवे लावा. आता ते बंद पडले तर करंट इतके दिवस बॉलमधून परतत होता आणि पांढरी वायर नुसतीच लोंबत होती. अर्थिंगचा स्क्रू काढा, खालचं लोखंड पॉलिश पेपरने उघडं आणि लख्ख करा, नवा गोल टर्मिनल लावा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस फासा. जोड देताना वायरी पिळून टेप गुंडाळू नका, पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरवर तो एक हंगामही टिकत नाही. आत गोंद असलेल्या, तापवून आवळणाऱ्या नळ्याच वापरा. प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे पाणी रोखणारं, वीज न वाहणारं ग्रीस लावा. शेवटी कुणाला तरी मागे उभं करा. आमच्याकडे हे काम मुलीचं आहे. मी एकेक कळ दाबतो आणि ती ओरडते, “डावा आला! ब्रेक आला! उजवा नाही!”

टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलाच. हवा गार टायरमध्ये भरा. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हे अंगणातच बघून घ्या. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढून नव्याने भरा.

रॅम्पवर उतरण्याआधी दिव्यांचा प्लग काढा. साधे बल्ब तापलेले असतात, गार पाण्यात तडकतात. चाकांचे हबही, म्हणजे बेअरिंग असलेले मधले भाग, तापलेले असतात आणि एकदम बुडवले की आत पाणी ओढून घेतात. पंधरा-वीस मिनिटं थांबा, तेवढ्यात बोटीत सामान चढवा.

परतताना बोटीच्या तळाचा प्लग काढून सगळं पाणी सोडा आणि ट्रेलरला अडकलेलं शेवाळ हाताने सोडवा. मिशिगनमध्ये २०१९ पासून हे कायद्याने बंधनकारक आहे. कारण बाहेरून आलेले उपद्रवी झेब्रा शिंपले १९८८ साली सापडले ते आमच्याच लेक सेंट क्लेअरमध्ये, आणि नंतर बोटींबरोबर ते कितीतरी तळ्यांत पोचले. काढलेला प्लग बोटीच्या चावीला बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला इंजिन सुरू करण्याआधी तो हातात येईल.