गेममधली पेठ जिवंत वाटत नाही? या चुका टाळा

आम्ही तिघं मिळून कोल्हापुरातल्या एका पेठेवर गेम करतोय. पात्रं चौदा, संगणकानं चालवायची, प्रत्येकाला दिवसभराचं वेळापत्रक. पहिल्यांदा चालवून बघितला तेव्हा पहाटे सहाच्या ठोक्याला चौदाच्या चौदा दारं उघडली आणि सगळी माणसं एका पावलानं गंगावेशीतल्या दूध कट्ट्याकडे निघाली. कट्ट्यावर म्हैस एक, माणसं चौदा, तीही एकमेकांच्या अंगात घुसलेली. पेठ कसली, पोलिसांची कवायत होती ती.

मग आम्ही दुसरी चूक केली. प्रत्येकाच्या वेळेत रोज वीस-पंचवीस मिनिटं इकडंतिकडं, म्हणजे निव्वळ रँडम. गर्दी फुटली, पण माणसंही हरवली. आज लवकर आलेला उद्या उशिरा, परवा पुन्हा लवकर. खेळणाऱ्याच्या लक्षात कोणीच राहीना. उशीर हा स्वभाव असतो. तालमीतले वस्ताद कायम दहा मिनिटं आधी हजर, बंड्या कायम पंचवीस मिनिटं मागं. हा फरक पात्रासोबत एकदाच ठरवा आणि सेव्ह फाइलमध्ये (खेळ जिथं जतन होतो तिथं) ठेवा. रोजचा चढउतार त्यावर तीन-चार मिनिटांचा, बास.

वेळ आणि अंतर यांचं गणित

आमचे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले. स्टारड्यू व्हॅली (२०१६) या शेतीच्या गेममध्ये आतली दहा मिनिटं साधारण सात सेकंदांत सरतात, म्हणजे तास झाला त्रेचाळीस सेकंदांचा. आम्ही तोच वेग उचलला आणि नकाशा मात्र हौसेनं मोठा केला. वस्ताद तालमीतून सहाला निघायचे आणि रंकाळ्यावर आठ वाजून गेल्यावर पोचायचे. खऱ्या गावात हे अंतर पंधरा-वीस मिनिटांचं. आमच्या नकाशावर चालायला नव्वद सेकंद, म्हणजे गेममधले दोन तास! बिचाऱ्याचा जन्म रस्त्यातच चालला होता.

उपाय तीन: नकाशा आवळा, तास लांबवा, किंवा खेळणारा बघत नसेल तेव्हा पात्राला पळवा. आम्ही पहिले दोन केले. मधल्या तीन गल्ल्या काढल्या आणि तास सत्तर सेकंदांचा केला. तिसऱ्यात एक मेख आहे. पळवलेलं पात्र कॅमेऱ्यासमोर टपकन उगवलं की खेळच मोडतो. म्हणून नजरेआड असलेल्याला चालवतच बसू नका. खेळणारा त्या भागात शिरला की घड्याळ बघून हिशेब करा, हा माणूस या क्षणी वाटेत कुठं असेल, आणि तिथं ठेवा. तेही दाराआड किंवा कोपऱ्यापलीकडं.

अजून एक. वेळापत्रकात ‘सात वाजता रंकाळा’ लिहिलंय, तर सातला निघायचं की पोचायचं? आमच्यात निम्म्या ओळी एकानं एका अर्थानं लिहिल्या होत्या, निम्म्या दुसऱ्यानं दुसऱ्या. आठवडाभर भांडलो. पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

नुसती वेळ लिहू नका

माझ्या मावशीला खेळायला बसवलं. गेमचं तिला काडीचं कौतुक नाही. पाच मिनिटांत म्हणाली, "अरं, ह्या म्हातारीला उपास-तापास काय न्हाई व्हय? सकाळी अंबाबाईला जाती आन् शुक्रवारीच कटवडा खातीया!"

चूक आमची. आम्ही ‘साडेनऊ, नाष्टा, गाडी’ एवढंच लिहिलं होतं. का खाते, कुणासोबत, पैसे कोण देतं, यातलं काहीच नाही. आता प्रत्येक ओळीपुढं कारण लिहितो, आणि कारण लिहिलं की गोष्ट आपोआप हाताला लागते. म्हातारी शुक्रवारी गाडीवर दिसलीच, तर खेळणाऱ्याला कळतं की घरात काहीतरी बिनसलंय. पण त्याआधी निदान दोन शुक्रवार ती उपास करताना दिसायला हवी, नाहीतर मोडलं काय हेच कळणार नाही.

डळमळीत पात्रं

द सिम्स (२०००) या गेममध्ये पात्रांच्या गरजांचे आकडे घटत जातात आणि आजूबाजूच्या वस्तूच सांगतात, माझ्याकडं ये, भूक भागेल. पद्धत झकास आहे. पण भूक आणि थकवा बरोबरीत आले की पात्र घर आणि गाडा यांच्यात येरझाऱ्या घालत बसतं. पुढचं काम निवडताना हाती घेतलेल्या कामाला थोडे जादा गुण द्या. भूक वाढत सत्तरला गेल्यावर खायला बसवा आणि वीसवर आल्याशिवाय उठवू नका.

पाऊस आला तरी आबा बाकावरच

जुलैच्या धो-धो पावसात आमचे आबा रंकाळ्याच्या काठावर पेपर उघडून निवांत बसलेले. वेळापत्रकाला थर हवेत आणि वरचा थर खालच्याला दाबतो: आधी नेमकी तारीख, मग पाऊस, मग वार, शेवटी ऋतू. स्टारड्यूची उतरंड साधारण हीच. आमच्याकडं तारखेच्याही वर एक थर आहे, पंचगंगेच्या पाण्याचा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगतं. ३९ झाले की दुकानदार माल माळ्यावर चढवतो आणि पोरं पाणी बघायला पळतात.

हे सगळं डोळ्यांनी तपासत बसू नका. चित्रं बंद करून तीस दिवस भरधाव पळवा आणि दर पंधरा मिनिटांनी कोण कुठं आहे ते फाइलीत उतरवा. नकाशाच्या एकाच चौकटीत कोणी तीन तासांहून जास्त उभा दिसला की तो झोपलाय तरी, नाहीतर अडकलाय.

असंच एकदा घाटावर रोज पूजेला जाणारी काकी सापडली. पुरात पायरी पाण्याखाली गेली, तिथं जायची वाट संपली आणि काकी गल्लीच्या तोंडाशी दोन दिवस न जेवता उभी. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणाला एक पर्यायी ठिकाण लिहितो. घाट नसेल तर देवळाचा कट्टा, कट्टाही बुडाला तर बहिणीचं घर. बहीण कुठं राहते, हे मात्र अजून ठरायचंय.