गणपतीला घरी जाईपर्यंत: कॉलेजच्या पहिल्या दोन महिन्यांत काय करावं

जुलैतली सकाळ, बाहेर पाऊस धो धो. ऑफिसच्या खिडकीपुढे एक मुलगा प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं छातीशी धरून उभा होता. मागून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होता, "तुम्ही व्हा पुढे." पाच-सहा जण गेले. मी विचारलं, "तुझं काय काम आहे रे?" तर म्हणाला, "काय नाय मॅडम, असाच." त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची ती शेवटची तारीख होती.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. अभ्यास करायला आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही, विचारायला शिकवावं लागतं. पाहुण्यांसमोर गप्प बसतं ते मूल शहाणं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. शाळेत ते चालून जातं, कारण तिथे सूचना स्वतःच्या पायांनी वर्गात येते: शिपाईमामा वही घेऊन येतात, बाई वाचून दाखवतात. कॉलेजात ती फलकावर लागते नाहीतर ग्रुपवर येते, आणि 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गाडली जाते.

हे मी स्वतःच्या पैशांनी शिकले आहे. पहिल्या वर्षी माझं फिजिक्सचं जर्नल पूर्ण होतं, पण शेवटी सरांची सही घेऊन ते सर्टिफाय करून घ्यायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. बाकीचे रांगेत उभे होते तेव्हा 'कसली रांग' एवढं विचारायला मी लाजले. प्रॅक्टिकलला बसू दिलं नाही, केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला आणि पुन्हा द्यावा लागला. पाच मिनिटांच्या प्रश्नाला सहा महिने लागले.

म्हणून हा लेख. तुम्ही लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात जात असा, दापोलीच्या कृषी विद्यापीठात, की मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीतल्या एखाद्या कॉलेजात. पहिली मुदत एकच धरा, गणपतीला घरी जाण्याची. तोवर पुढच्या गोष्टी मार्गी लागल्या तर बाकीची वर्षं बरीच सोपी जातात.

घर सोडण्याआधी: कागद आणि खातं

आधारवरचं नाव, बारावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि बँक पासबुकातलं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, एवढ्यावरही पुढे अर्ज अडतात. आता प्रत्येक विद्यार्थ्याची क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदवहीत जमा होतात. तिथलं खातं आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) डिजिलॉकरमधून निघतो, तिथेही नाव जुळावंच लागतं. दुरुस्ती तालुक्याच्या गावी, ओळखीच्या माणसांत लवकर होते. शहरात गेल्यावर त्यासाठी लेक्चर बुडवून परत यावं लागतं.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काढून ठेवा. राखीव प्रवर्गातून प्रवेश असेल तर जातवैधता प्रमाणपत्राचं काम आजच विचारा. लिव्हिंग सर्टिफिकेट कॉलेज ठेवून घेतं, म्हणून आधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर स्वच्छ फोटो ठेवा.

शिष्यवृत्तीचं थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. राज्य सरकारच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना लागू होते का, ते वेगळं विचारावं लागतं. आपण होऊन कोणी सांगेलच असं नाही. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. त्यांनीही अर्ज भरायचाच आहे.

अर्ज मंजूर झाला तरी पैसे येत नाहीत, त्याचं नेहमीचं कारण खातं. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते खातं आधारशी संलग्न असणं वेगळं. पैसे एकाच खात्यात येतात, जे शेवटी संलग्न केलं त्यात. गावच्या जिल्हा बँकेत एक खातं, शहरात उघडलेलं दुसरं, आणि पोरगा पासबुक भरून आणतोय तिसऱ्याच बँकेचं, असं मी पाहिलेलं आहे. बँकेत जाऊन एवढंच विचारा: "माझं हे खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, आधारला लिंक आहे का?" शिष्यवृत्तीच्या अर्जाचं दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला आठवडा: चार माणसं

वर्गात नव्वद चेहरे असतात, सगळ्यांशी दोस्ती होत नाही आणि गरजही नाही. पहिल्या आठवड्यात चार माणसं गाठायची. ऑफिसातले तुमच्या शाखेचं टेबल सांभाळणारे क्लार्क, वाचनालयातली पुस्तकं देणारी व्यक्ती, तुम्हाला शिकवणारं कोणीही एक, आणि तुमच्याच शाखेतली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली एखादी ताई किंवा दादा. शेवटचा माणूस सगळ्यात उपयोगी. कोणत्या विषयाला जर्नल लागतं, मेस कोणती बरी, कोणते सर उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं.

ओळख करून घ्यायला भाषण लागत नाही. "दादा, मी पहिल्या वर्षाला आहे, देवरूखहून आलोय. पहिल्या सेमिस्टरला तुमचं काय चुकलं होतं?" असं विचारा. 'अभ्यास कसा करू' याला कोणीही 'कर नियमित' एवढंच उत्तर देईल. काय चुकलं ते विचारलं की माणूस अर्धा तास बोलतो.

रोज गावाहून येणाऱ्यांनी आधी एसटीचा पास काढावा. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरायचा. त्यासाठी बोनाफाईड, म्हणजे तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी असल्याचा दाखला लागतो. तुमची वस्तीची गाडी साडेसातच्या लेक्चरला पोहोचवत नसेल, तर ते त्या सरांना पहिल्याच आठवड्यात सांगा. डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी लागल्यावर सांगितलेलं खरं कारणही सबब वाटतं.

हजेरीचं गणित

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. ४ क्रेडिटचा विषय म्हणजे ६० तास: १५ आठवडे, आठवड्याला ४. सर्वसाधारणपणे ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे ४५. हातात राहिले १५ तास. आता त्या विषयाचा एक तास शनिवारी असेल आणि तुम्ही दर शुक्रवारी संध्याकाळी गावची गाडी पकडलीत, तर १५ तास तिथेच संपले. तापाला, दरड कोसळून घाट बंद पडायला आणि गणपतीला दोन दिवस आधी जाऊन चार दिवस उशिरा यायला काही शिल्लक नाही.

गावाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. दोन आठवड्यांतून एकदा जा, आणि पहिले तीन आठवडे मुळीच जाऊ नका. पहिल्या तीन शनिवार-रविवारीच खोलीतली, वसतिगृहातली माणसं ओळखीची होतात. तेव्हा जो नसतो तो पुढेही थोडा बाहेरचाच राहतो.

अभ्यास: पुस्तक मिटून

मराठी माध्यमातून विज्ञानाला आलेल्यांची पहिली धडक इंग्रजीशी होते. शिक्षक बोलतात ते कळतं, पण लिहून घेईपर्यंत पुढचं वाक्य आलेलं असतं. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे. लेक्चरच्या आदल्या रात्री त्या प्रकरणातले १०-१५ शब्द काढून शेजारी मराठी अर्थ लिहायचा. सगळं प्रकरण वाचायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ते शब्द कानावर पडले की मागचं-पुढचं आपोआप लागतं. आणि समजलेलं मित्राला मराठीत, मालवणीत, ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत सांगून बघा. जिथे अडाल तिथे तुम्हाला ते कळलेलं नाही.

दुसरी सवय: वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं. पिवळ्या पेनने ओळी रंगवण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच फार थोडे करतात. जुन्या प्रश्नपत्रिका कॉलेजच्या वाचनालयात मिळतात. त्या परीक्षेच्या आठवड्यात न मागता ऑगस्टमध्येच मागा, तेव्हा तिथे गर्दी नसते. रत्नागिरीत असाल तर १८२८ साली स्थापन झालेलं जिल्हा नगर वाचनालय आहे. खोलीत चार जण असतील तर अशी एखादी जागा शोधावीच लागते.

आणि शंका. "सर, हे समजलं नाही" यावर सर पुन्हा तेच सांगतील, तुम्ही पुन्हा मान डोलवाल. आधी कुठपर्यंत समजलं ते सांगा: "सर, तिसऱ्या पायरीपर्यंत कळलं. चौथीत हे चिन्ह का बदललं?" वर्गात हात वर करवत नसेल तर लेक्चर संपल्यावर दारात गाठा. वर्गातले बाकीचे हसतील ही भीती पहिला महिना खरी असते. हसणाऱ्यांपैकी दोघे नंतर तुमच्याचकडे वही मागायला येतात, हा माझा अनुभव.

खोली, मेस आणि रात्री

खोली घेताना डिपॉझिट किती आणि सोडताना किती परत, हे कागदावर लिहून घ्या. पावसाळ्यात गळते का, हे पाऊस पडत असतानाच जाऊन बघा. मेसचं एकदम वर्षाचं भरू नका, एक महिना जेवून बघा.

रात्री घरची आठवण येते, जेवण जात नाही, याची लाज वाटायचं कारण नाही. पण पंधरा-वीस दिवसांनीही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल तर कोणाशी तरी बोला. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. रॅगिंग सहन करण्याची गोष्ट नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

माणसं जोडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे काम. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. एकत्र भांडी घासलेली माणसं लक्षात राहतात. भजनात पखवाज वाजवत असाल, दशावतारात उभे राहिला असाल, तर युवा महोत्सवाच्या निवड चाचणीला जरूर जा. तिथे नुसतं बघायला गेलेलेही निवडले गेले आहेत.

गणपतीत: चाकरमानी

करिअर मार्गदर्शनाची व्याख्यानं पुष्कळ होतात. पैसे भरून लावलेला व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास मला तरी वायफळ खर्च वाटतो. कोकणातल्या मुलांकडे जे आहे ते फार थोड्यांकडे असतं: वर्षातून एकदा अख्खी मुंबई तुमच्या ओटीवर येऊन बसते. कोणी न्हावा-शेवा बंदरात, कोणी बँकेत, कोणी औषध कंपनीच्या लॅबमध्ये, कोणी मंत्रालयात. आरतीनंतर ते पत्ते कुटत असतात आणि आपण प्रसादाचं ताट फिरवून आत पळतो.

यंदा बसा. 'काका, मला कुठेतरी चिकटवा' असं म्हणायचं नाही, त्याने काकाही अवघडतात. दोनच प्रश्न विचारा: "तुमचा कामाचा दिवस कसा जातो?" आणि "तुमच्याकडे नवीन पोरं घेतात तेव्हा काय बघतात?" पाच घरच्या आरत्यांना पाच जणांना विचारलंत, तर कोणतं सॉफ्टवेअर यावं लागतं, कोणती परीक्षा द्यावी लागते, पत्र लिहिता येणं किती कामाचं असतं, याची यादी तुमच्या हातात येईल. बायांनाही विचारा. माहेरी आलेली एखादी आत्या रुग्णालयाचं सगळं बिलिंग सांभाळत असते आणि घरात तिला फक्त मोदकांच्या पाऱ्यांबद्दल विचारतात.

सासोलीच्या आमच्या आजी म्हणायच्या, "विचारूक कसली लाज? पैसे पडतत काय?"

नव्या अभ्यासक्रमात पुढे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण घेण्यालाही क्रेडिट्स आहेत. तेव्हा ही ओळख कामाला येते. मे महिन्यात गावातच काम शोधायलाही ती उपयोगी पडते: आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात हिशेब, मालवण-तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेचं बुकिंग सांभाळणं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते बागायतदाराला कसं वापरता येतं, हे समजून घेतलेला बी.कॉम.चा मुलगा घरच्याच पेट्या वेगळ्या भावाने विकू शकतो.

कॉलेजला परत आलात की आठवड्याच्या आत एक निरोप पाठवा: "काका, मी अमक्यांचा मुलगा. गणपतीत तुम्ही एक्सेलबद्दल बोललात, ते शिकायला घेतलं आहे. दिवाळीत दाखवतो." एवढंच. उत्तर आलं नाही तरी काळजी करू नका, शिमग्याला पालखीसाठी ते यायचेच आहेत. तुमच्या प्रॅक्टिकल्स मात्र नेमक्या तेव्हाच असतात, त्या तारखा आधी बघून ठेवा.